एकदम वाढीव

मोटार विकणाऱ्या माणसाला मी एकूण नऊ प्रश्न विचारले. आठ प्रश्नांची उत्तरं त्याला आली नाहीत आणि नवव्याचं उत्तर मला कळलं नाही. पुढे जे काही घडलं ते त्या नवव्या उत्तरामुळे.

दुकान काचेचं होतं आणि आत इतका गारवा होता की मोटारींऐवजी भाजी ठेवली असती तर आठवडाभर टिकली असती. मला ज्या सोफ्यावर बसवलं तो जमिनीपासून वीतभर उंच असेल. त्यातून उठायला मला दोन माणसं लागली. हीच त्यांची धंद्याची रीत असावी. गिऱ्हाईक उठूच शकलं नाही तर जाणार कुठे? समोर जो माणूस येऊन बसला तो तिशीतला होता आणि त्याच्या टायवर छोट्या छोट्या मोटारी छापल्या होत्या. त्याने नाव सांगितलं, पण मी ते लक्षात ठेवायचं कारण नव्हतं. मनात मी त्याला टायवाला म्हणून टाकलं.

"बोला आजी!" टायवाला म्हणाला.

मला या वयात आजी म्हटलेलं चालतं, पण नातवाने. मी वही उघडली.

"काच वरखाली करायचं बटण बिघडलं तर काच हाताने वर होते का?"

"कल्पना नाही आजी. पण या स्क्रीनवर गाणी लागतात."

"डिकीतलं जास्तीचं चाक काढायला आतलं सामान उतरवावं लागतं का?"

"बघावं लागेल. पण स्क्रीनवर नकाशा पण दिसतो, आजी."

असे आठ प्रश्न झाले आणि प्रत्येक वेळी तो मला त्या स्क्रीनकडे घेऊन गेला. आमची जुनी गाडी एकोणीस वर्षं चालली. तिच्यात स्क्रीन नव्हता. गाणी आमचे हे म्हणायचे आणि रस्ता मी सांगायची. मी नवव्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"आणि वॉरंटी? वाढीव ना?"

टायवाल्याने अंगठा वर केला. "एकदम वाढीव, आजी!"

मी वहीत लिहिलं: वाढीव – हो. त्यापुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

लाल पेन्सिल माझ्या पर्समध्ये असतेच. मी छत्तीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासली आहेत. लग्नपत्रिकेतल्या वराच्या नावातली वेलांटी असो की पाठ्यपुस्तकातला स्वल्पविराम, माझ्या नजरेतून काही सुटून गेलं असेल तर ते अजून कोणाला सापडलेलं नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढे माझी जी शोभा झाली ती किती उंचावरून झाली, याचा अंदाज यावा म्हणून सांगते.

आता वाढीव वॉरंटीच का, तर त्याला कारण होतं. जुन्या गाडीने शेवटची दोन वर्षं आमच्या घरात कमी आणि गॅरेजात जास्त काढली. आमचे हे शहात्तर वर्षांचे. रोज उठून मेकॅनिकच्या दारात उभं राहायचं आता त्यांच्या गुडघ्यांत उरलेलं नाही. "ही आपली शेवटची गाडी," असं त्यांनी जाहीर केलं होतं, आणि त्या भरात ती माझ्या नावावर घ्यायची असंही ठरवून टाकलं होतं. मूळ वॉरंटी दोन वर्षांची. वाढवून घेतली तर सात. सातव्या वर्षी गाडी आणि हे, दोघांपैकी निदान एकाची दुरुस्ती तरी फुकटात व्हावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

दुसरं कारण माझा डबा. माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा चौकोनी डबा आहे आणि त्यात लग्नापासून घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचं वॉरंटी कार्ड आहे. शिवणयंत्राचं कार्ड आहे, शिवणयंत्र नाही. इस्त्रीचं आहे, इस्त्री नाही. भिंतीवरच्या घड्याळाचं आहे. घड्याळही नाही आणि त्याला रविवारी किल्ली देणारे सासरेही नाहीत. ते कार्ड हातात आलं की मला अजून त्या किल्लीचा करकर आवाज ऐकू येतो. हे मी घरात कोणाला सांगत नाही. सांगून कळणार नाही.

"आई, ही वॉरंटी कार्डं नाहीत," सूनबाई एकदा डबा उघडून म्हणाली, "हे सगळे मृत्यूचे दाखले आहेत."

सूनबाईला डबा ठेवलेल्या फळीवर काचेच्या बरण्या ठेवायच्या आहेत. गेली तीन वर्षं ठेवायच्या आहेत. गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा जेवणाच्या टेबलावर तिने विषय काढला आणि ह्यांनी हेडक्लार्कच्या थाटात निकाल दिला: "हिने या गाडीची वाढीव वॉरंटी स्वतः पक्की करून दाखवली, तर डबा फळीवर राहील. नाही तर भंगारात." ह्यांना निकाल द्यायची हौस फार. ऑफिसात उभ्या आयुष्यात एक देऊ दिला नाही कोणी.

त्यामुळे वहीतली ती लाल खूण दाखवताना मला जो आनंद झाला तो तुम्ही समजून घ्यावा. ह्यांनी तर तो सगळ्या बिल्डिंगला वाटला. जिन्यात, लिफ्टमध्ये, पाण्याच्या टाकीपाशी, जो भेटेल त्याला, "आमच्या हिने सात वर्षांची खात्री करून घेतली. समोर बसून." खालच्या मजल्यावर एक निवृत्त बँकवाले राहतात. आयुष्यभर लोकांना कर्ज नाकारल्यामुळे त्यांचा चेहरा कायमचा तसा झाला आहे. त्यांनी मला गेटपाशी गाठलं.

"लिहून घेतलंत का, वहिनी?"

"घेतलं ना. वहीत."

"तुमच्या वहीत?" बँकवाल्यांनी डोळे मिटले. एवढं दुःख त्यांना कधी कर्ज बुडाल्यावरही झालं नसेल. "वहिनी, तोंडी शब्दाला काही अर्थ नसतो. त्यांच्या कागदावर, त्यांच्या शिक्क्यासकट. मी तेहतीस वर्षं हेच केलं."

मी हो म्हटलं आणि मनात म्हटलं, म्हणूनच तुमच्याकडे कोणी फिरकत नाही.

आठवड्याने फोनवर दुकानाची यादी आली. गाडीबरोबर काय काय मिळणार त्याची. पायपुसणी होती, सुगंधाची बाटली होती, वॉरंटीच्या पुढे होतं: दोन वर्षं. मी यादी तीनदा वाचली. मग सूनबाईला हाक मारली.

"आई, तो नक्की काय म्हणाला होता? शब्द सांगा बरं."

"मी विचारलं, वाढीव ना? तो म्हणाला, एकदम वाढीव, आजी."

सूनबाई हळूच खुर्चीत बसली, तोंडावर ओढणी धरली आणि तिचे खांदे हलायला लागले.

"अगं, काय झालं?"

"आई... वाढीव म्हणजे... हल्ली भारी गोष्टीला वाढीव म्हणतात. झकास. जबरदस्त. वाढीव गाडी, वाढीव गाणं, वाढीव माणूस."

"वाढीव म्हणजे वाढवलेलं," मी म्हटलं. "जास्तीचं. मुदतीपुढचं."

"छापखान्यात असेल."

मी छत्तीस वर्षं शब्द राखले आणि माझ्या पाठीमागे कोणीतरी त्यातला एक पळवून नेला. तोही इतका साधा, निरुपद्रवी, सरकारी पत्रव्यवहारात आयुष्य काढलेला शब्द! वाढीव दर, वाढीव मुदत, वाढीव कोटा. तो कधी कोणाच्या आनंदात सामील झालेला मला आठवत नाही. आणि मी, मी त्याच्यापुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती.

"ह्यांना सांगायचं नाही," मी म्हटलं.

"नाही सांगत," सूनबाई डोळे पुसत म्हणाली. पण जाताना तिने त्या फळीकडे एक नजर टाकलीच. बरण्यांचं माप घेतल्यासारखी.

गाडी शनिवारी मिळणार होती. बुधवारी हे खाली बिल्डिंगला वॉरंटी समजावत होते तेवढ्यात मी दुकानात फोन केला. एका मुलीने उचलला. या वेळी मी तो शब्द तोंडातून काढायचा नाही असं ठरवलं होतं. दुकानाच्याच भाषेत, म्हणजे वॉरंटीला कव्हर म्हणून, बोलायचं. आणि इथे मी दुसऱ्यांदा पडले.

"मला गाडीचं कव्हर वाढवून हवंय," मी म्हटलं.

"कव्हर ना मॅडम? मिळेल ना. किती वाढवून?"

"जास्तीत जास्त जेवढं मिळतं तेवढं."

"सगळ्यात मोठं?"

"सगळ्यात मोठं," मी ठणकावून सांगितलं.

शुक्रवारी सकाळी एक गठ्ठा आला. हे दारातच तो सोडायला लागले. आतून राखाडी कापड निघालं. ते निघतच राहिलं. दिवाणखाना भरला, जिन्यात पोचलं, तरी संपेना. गाडी झाकायचं कव्हर होतं ते, पण बारा माणसं बसतील अशा गाडीचं. आमच्या होणाऱ्या गाडीला ते दोनदा गुंडाळून वर गाठ मारता आली असती.

बँकवाले जिना चढून आले होते. "वहिनी, सर्कस येणार आहे का?"

तेवढ्यात ह्यांच्या फोनवर संदेश आला आणि ह्यांनी तो चष्मा कपाळावर ढकलून मोठ्याने वाचला: "आपले एक्स्टेंडेड कव्हर कन्फर्म झाले आहे. धन्यवाद." मग विजयी मुद्रेने बँकवाल्यांकडे पाहिलं. "घ्या. लेखी."

बँकवाले म्हणाले, "आता बरोबर." तेहतीस वर्षांचा अनुभव! कापडाच्या पावतीला सात वर्षांची वॉरंटी समजणारा माणूस बँकेत कर्जं मंजूर करत होता, म्हणजे नाकारत होता तेच बरं. मी कापडाची घडी घालायला घेतली. ती अजून नीट बसलेली नाही.

शनिवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. मी ठरवलं होतं की आधी टायवाल्याला बाजूला घ्यायचं, शांतपणे कागद मागायचा, आणि ह्यांना काही कळायच्या आत तो पर्समध्ये टाकायचा. पण तिथे शांतपणे काही करायची सोयच नव्हती. आमची गाडी लाल रेशमी कापडाखाली उभी होती. टायवाल्याने ह्यांच्या हातात पुठ्ठ्याची एक प्रचंड किल्ली दिली. माणसाएवढी. कापड ओढलं गेलं, आठ अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या, मला किल्लीच्या दुसऱ्या टोकाला धरून उभं केलं आणि फोटो निघाला. आम्ही मोटार घेतली की बक्षीस मिळालं, तेच कळेना. सासऱ्यांनी घड्याळ आणलं तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "मागे पडलं तर घेऊन या." ना टाळ्या, ना पुठ्ठा. ते घड्याळ सव्वीस वर्षं मागे पडलं नाही.

ह्यांना टेबलापाशी कागदांवर सह्या करायला बसवलं होतं तेवढ्यात मी टायवाल्याला गाठलं.

"वॉरंटी वाढवायची आहे. आत्ता."

टायवाल्याचा चेहरा पडला. "आजी, ती डिलिव्हरीच्या आधी सांगायची असते. आता सिस्टीममध्ये गाडी दिली गेली. फोटो अपलोड झाला ना."

"फोटो काढला म्हणून गाडी दिली गेली?"

"सिस्टीम तसंच घेते."

"पण तुम्ही मला सांगितलं होतंत वाढीव म्हणून!"

"अहो आजी, ते मी..." तो इकडे तिकडे बघायला लागला. "ते मी तुमच्या प्रश्नाला म्हणालो. म्हणजे प्रश्न विचारायची स्टाईल. एकदम वाढीव होती."

एवढं सगळं बोलणं मी हळू आवाजात केलं असं मला वाटत होतं. पण या वयात आपला हळू आवाज दुसऱ्या टेबलापर्यंत जातो. ह्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे," हे सावकाश म्हणाले, "तू समोर बसून केलेली खात्री ती ही?"

मी पर्सची चेन ओढून घेतली.

"आणि कव्हर?"

"ते कापड होतं, बाबा," सूनबाई म्हणाली. तिने वचन मोडलं असं मी म्हणणार नाही. वचन ‘वाढीव’ या शब्दापुरतं होतं.

ह्यांनी सगळ्या दुकानाकडे पाहून एक सुस्कारा सोडला. "आणि मी पाण्याच्या टाकीपाशी सगळ्यांना सांगितलं!" एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना माझी चूक अशी चारचौघांत, टाळ्यांच्या ठिकाणी, पहिल्यांदाच सापडली होती. तिचा आनंद त्यांनी दुःखाच्या आवाजात घेतला. "असू दे. वय झालं. घरी गेल्यावर तो डबा तेवढा उतरवून ठेवू."

मला त्या क्षणी जमीन दुभंगायला हवी होती, पण तिथे फरशी चांगली होती. मी टेबलावरचा कागदांचा गठ्ठा उचलला, गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले. दार लावून घेतलं. काचा बंद. बाहेर सगळ्यांची तोंडं हलत होती, आवाज येत नव्हता. गाडीचा हा गुण मला पहिल्यांदाच आवडला.

लाल पेन्सिल काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मला दुसरं काही येतच नाही. बाकीचे लोक मजकूर वाचतात, मी अक्षरं वाचते. पान सहा. ‘ताबा पावती. वरील वाहन सुस्थितीत माझ्या ताब्यात मिळाले.’ खाली रेघ, रेघेखाली बारीक अक्षरांत ‘नोंदणीकृत मालकाची सही’, आणि रेघेवर ह्यांची सही. वळणदार, खालून दुहेरी रेघ मारलेली, ठिपक्यासकट.

नोंदणीकृत मालक मी होते.

जिथे रेघ दिसेल तिथे सही करायची, हा ह्यांचा नोकरीतला चाळीस वर्षांचा शिरस्ता. वाचण्यासाठी साहेब असतात. मी काच खाली केली. बटण चालत होतं.

"मॅनेजरला बोलवा."

मॅनेजर आले. टक्कल, मंद हसू, हात जोडलेले. "काय सेवा करू, मॅडम?"

"या गाडीचा ताबा कोणी घेतला?"

"तुम्हीच, मॅडम. अभिनंदन!"

"मी सही केलेली नाही. ज्यांनी केली त्यांची ही गाडी नाही. तुम्ही माझी गाडी एका परक्या गृहस्थाला दिलीत, टाळ्या वाजवून."

"परक्या?" हे म्हणाले.

"कागदावर," मी म्हटलं.

मॅनेजरांनी पान सहा वाचलं. पुन्हा वाचलं. मग टायवाल्याकडे पाहिलं, आणि टायवाल्याने आपल्या टायकडे. "म्हणजे गाडी अजून दिलेली नाही," मी समजावून सांगितलं, "आणि दिलेली नाही तोवर वॉरंटी वाढते. हा तुमचाच नियम. नसेल वाढत तर मी इथेच बसते. गाणी लावा स्क्रीनवर."

पाऊण तास लागला. सिस्टीममधून आधी गाडी काढावी लागली, गाडी काढायला फोटो पुसावा लागला आणि फोटो पुसायला वरच्या कुठल्याशा ऑफिसची परवानगी लागली. छापून आलेल्या प्रमाणपत्रावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘वाढीव वॉरंट’. पुढे माझं नाव.

"तुझ्या नावाने वॉरंट निघालं," हे म्हणाले. मी लाल पेन्सिलीने राहिलेली वेलांटी दाखवून कागद परत पाठवला. दुसऱ्यात वेलांटी आली आणि गाडीचा नंबर चुकला. तिसरा बरोबर होता. एकूण सात वर्षं, शिक्का, सही. मगच मी पान सहावर माझं नाव लिहिलं. मग सिस्टीमसाठी सगळं पुन्हा: लाल कापड, पुठ्ठ्याची किल्ली, तीच आठ माणसं. या वेळच्या टाळ्या जरा थकलेल्या होत्या.

"एकंदरीत माझ्या सहीमुळेच वाचलं," हे म्हणाले. ते खरं होतं, म्हणून मला जास्त झोंबलं. त्यांची सही इतक्या वर्षांत प्रथमच उपयोगी पडली, आणि तीही चुकीची होती म्हणून.

निघताना मॅनेजरांनी अभिप्रायाची वही पुढे केली. मी स्वच्छ अक्षरांत लिहिलं: ‘वाढीव बोलणे पुष्कळ ऐकले. वाढीव वॉरंटी मात्र भांडून घ्यावी लागली.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

चार दिवसांनी सूनबाईने फोन माझ्यापुढे धरला. दुकानाने जाहिरात टाकली होती. पुठ्ठ्याच्या किल्लीआड मी, रागाने लालबुंद, आणि वर बोटभर जाड अक्षरांत: ‘"वाढीव!" – आमच्या समाधानी आजी.’ माझ्या अभिप्रायातला पहिला शब्द तेवढा घेतला होता. अवतरणचिन्हं बरोबर दिली होती, हे मात्र कबूल करायला हवं.

डबा फळीवर आहे. प्रमाणपत्र घड्याळाच्या कार्डावर ठेवलं आहे. सूनबाईच्या बरण्या खालच्या कप्प्यात गेल्या. आता ती डब्याला काही म्हणत नाही. फक्त मला आवडेल अशी एखादी गोष्ट केली की "वाढीव ना, आई?" एवढं विचारते.

परवा गेटपाशी बँकवाले भेटले. आनंदात होते. त्यांच्या चेहऱ्यावर तो आनंद नीट बसत नव्हता.

"वहिनी, तुमची जाहिरात बघून मीसुद्धा तिथेच गाडी नोंदवली! वॉरंटीचं आधी विचारलं हं."

"काय म्हणाले?"

"अंगठाच वर केला त्याने. म्हणाला, एकदम वाढीव, काका!"

"लिहून घेतलंत का?"

"आता त्यात काय लिहून घ्यायचं? शब्द दिला ना माणसाने."

मी तेहतीस वर्षांच्या त्या अनुभवाला हात जोडले. मग वर आले, कपाटावरून ते राखाडी कापड ओढून काढलं आणि ह्यांच्या हाती त्यांच्याकडे पाठवून दिलं. निदान कव्हर तरी असू दे बिचाऱ्यांकडे.